नळकाकांचा राहिलेला बाप्तिस्मा

रविवारची उपासना संपता संपता पाळकांनी चर्चचा कारभार बघणाऱ्या नव्या पंचाचं नाव वाचून दाखवलं आणि सगळ्या मंडळीने टाळ्या पिटल्या. उपासनेत टाळ्या वाजवायची रीत नव्हती तिथे. पण नाव नळकाकांचं म्हटल्यावर कोणाला राहवतंय? मागच्या बाकावर आईच्या मांडीत झोपलेल्या बाळाने दचकून भोकाड पसरलं, तरी टाळ्या थांबेनात.

आणि का थांबाव्यात? हा माणूस धंद्याने प्लंबर. गेली एकतीस वर्षं त्या चर्चमधला एकही नळ दुसऱ्या कोणाच्या हाताने दुरुस्त झालेला नव्हता. छपराची पन्हाळ तुंबली, बोलवा नळकाकांना. पाळकांच्या घरात पाणी चढेना, बोलवा नळकाकांना. म्हातारे हक्काने, बायका कौतुकाने आणि पोरं उगाचच त्यांना हाका मारायची. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोला आणि वीज कंपनीलाच ठाऊक असावं.

नळकाका उठले, हात जोडले, हसले. हसले म्हणजे दाढ ठणकत असताना फोटोसाठी हसावं तसे. शेजारी बसलेल्या बायकोने त्यांचा हात दाबला आणि पदराने डोळे पुसले. झालं! तिचे डोळे पाहिले आणि त्यांचं उरलंसुरलं अवसान गळालं.

कारण नळकाकांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

हो, नव्हता. या मंडळीत पाळण्यातल्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, आपल्या तोंडाने 'माझा विश्वास आहे' म्हणाला, की व्यासपीठाच्या फळ्या उचलून खालच्या हौदात पाणी भरतात आणि पाळक त्याला पुरता पाण्याखाली घालून वर काढतात. त्याआधी कोणी सभासद नाही, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसाला हात लावायचा नाही, आणि पंच होण्याचं तर नावच नको. आणि आपले त्रेपन्न वर्षांचे नळकाका! एकतीस वर्षं तो हौद घासला त्यांनी, भरला त्यांनी, रिकामा केला त्यांनी. पण पाळकांचा हात धरून भरल्या हौदात कधी पाऊल टाकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? मंडळी काय झोपा काढत होती? मुळीच नाही. उलट सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि घोळ झाला तो तिथेच.

एकतीस वर्षांपूर्वी हौद नवाकोरा होता. बावीस वर्षांच्या नळकाकांनीच त्याचे पाइप जोडले होते, आणि पहिल्याच बाप्तिस्म्याला उतरणाऱ्या सहाजणांत तेही होते. शेवटचा नंबर त्यांचा. पाच झाले. पांढरा झगा घालून नळकाका पायरीपाशी आले, आणि त्यांना पायाखालून 'फस्स' असा आवाज ऐकू आला. बाकीचे गाण्यात दंग. प्लंबरचे कान मात्र प्लंबरचे. निचऱ्याच्या पाइपचा जोड सुटला होता, तोही त्यांनी घाईघाईत बसवलेला. मागचापुढचा विचार न करता गडी फळ्यांखाली शिरला आणि दोन्ही हातांनी जोड दाबून धरला. पाणी तोंडावर, छातीवर, झग्यात. कोणीतरी बादल्या आणेपर्यंत हौद रिकामा, शेजारच्या कपाटात पाणी शिरलेलं, आणि हे नखशिखांत निथळत बाहेर आले तेव्हा शेवटचं गीत चालू होतं.

मागच्या बाकांवरून दिसलं ते इतकंच: सहा तरुण, सहाही चिंब. लोकांनी धावत येऊन मिठ्या मारल्या, अभिनंदन केलं. सहाजणांचा फोटो निघाला. म्हातारे पाळक तेवढे कानात म्हणाले, "तुझं पुढच्या महिन्यात करू हं, बाळा." पुढच्या महिन्यात म्हाताऱ्या पाळकांची बदली झाली. नव्यांनी आल्याआल्या विचारलं, "हौदाचं काम तूच बघतोस ना?" हे म्हणाले, "हो." हौदाचं काम बघणाऱ्याला 'तू हौदात उतरलास का' असं विचारायचं कोणाला सुचेल?

आधी लाज वाटली म्हणून बोलले नाहीत, मग लग्न झालं म्हणून बोलले नाहीत, आणि मग इतकी वर्षं गेली की आता कुठल्या तोंडाने बोलायचं म्हणून बोलले नाहीत. दर महिन्याला प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा त्यांच्या घशाशी अडकायचा. पाण्याबरोबर गिळायचे आणि एखादा वॉशर बदलायला निघून जायचे.

बुधवारी संध्याकाळी पोस्टमास्तरांनी त्यांना चर्चच्या कचेरीत बोलावलं. मास्तर पोस्टातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मंडळीच्या नोंदवह्या त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांच्या लेखी, नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही.

"ये. बस," मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "पंचाच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख लागते. तुझी सापडत नाहीये."

नळकाका खुर्चीच्या कडेवर टेकले.

"आणि सापडणार कशी?" मास्तरांनी जुनी वही उघडली. त्या वर्षाची पानं एकमेकांना चिकटलेली, शाई फुटून निळे ढग झालेले. "तूच भिजवलीस रे ही! त्या दिवशीचं पाणी कपाटात शिरलं ना." मास्तर खुदकन हसले. "काही बिघडत नाही. मी स्वतः हजर होतो. अजून डोळ्यांसमोर आहेस, निथळत उभा! माझ्या शेजारी उभा राहून माझे नवे बूट भिजवलेस. तारीख सांग फक्त. मी नव्या पानावर लिहितो. साक्षीदार म्हणून माझी सही, खाली तुझी सही. विषय संपला."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि निब कागदावर टेकवून वाट बघत बसले.

किती सोपं होतं! म्हातारे पाळक कधीच देवाघरी गेलेले. उरलेले पाचजण कुठे कुठे पांगलेले. फोटोच्या मागे तारीख होती आणि ती नळकाकांना तोंडपाठ होती. एक तारीख तोंडातून काढली की आयुष्यभराची कटकट मिटत होती. पंच म्हणून पहिल्या बाकावर बसता येत होतं, बायकोच्या डोळ्यांतलं ते कौतुक मरेपर्यंत पुरलं असतं. पण समोर मास्तर बसले होते. सबंध नोकरीत चुकीच्या पत्रावर एक शिक्का मारला नाही म्हणून मिरवणारा माणूस. तो आता आपल्या शब्दावर, प्रेमाने, एका खोट्या ओळीखाली सही करणार होता.

"मास्तर, टोपण लावा," नळकाका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "रविवारी सांगतो. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर तारीख?"

"हो."

"साक्ष देणार म्हणतोस? वा, वा! छान कल्पना आहे." मास्तर खूश झाले. नळकाका तिथून जे सुटले ते थेट घरी.

बायको जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसली होती. शाळेत गणित शिकवायची ती. शिवाय पंधरा वर्षं दर शनिवारी चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा वर्ग घ्यायची. हौदात उतरणारं प्रत्येक पोर तिच्या हाताखालून जायचं. वर्गात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि चळाचळा कापत. नळकाका समोर बसले आणि उभ्या उभ्या औषध पिऊन टाकावं तसं सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

तिने लाल पेन खाली ठेवलं. मग वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सहा चिंब तरुण.

"आमचे बाबा तुम्हाला बघायला आले होते," ती हळू म्हणाली. "बाप्तिस्मा झालेला मुलगाच हवा म्हणून अडून बसले होते ते. त्यांना काय सांगितलंत?"

"काहीच नाही. त्यांनी हा फोटो बघितला आणि म्हणाले, 'वा, म्हणजे झालाय म्हणायचा.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, चहा घ्या."

ती त्यांच्याकडे वळली. हसू येतंय की रडू ते क्षणभर कळेना, आणि मग रडू आलं. "तीस वर्षं! तीस वर्षांत मला सांगायला काय झालं होतं? मी काय वाघीण आहे?"

"तू लग्नाला नाही म्हणाली असतीस."

"अहो, म्हणालेच असते! सहा महिने थांबले असते, तुम्हाला मानगूट धरून पाण्यात घातलं असतं आणि मग केलं असतं लग्न!" तिने नाक पुसलं. "दर शनिवारी दुसऱ्यांच्या पोरांना सांगते, जे आहे ते उघड्यावर आणा, देवाला चालतं. आणि माझ्याच घरात..." पेपर गोळा करून ती आतल्या खोलीत निघून गेली.

गुरुवार, शुक्रवार घरात शुकशुकाट. डबा वेळेवर भरलेला, शर्टाला इस्त्री केलेली, पण शब्द म्हणून नाही. नळकाकांना भांडण परवडलं असतं. ही शांतता काही सोसवेना. दोन ठिकाणी त्यांनी पाइप उलटा बसवला आणि एका गिऱ्हाइकाच्या गरम पाण्याच्या नळातून दिवसभर गार पाणी आलं. शनिवारी वर्ग आटोपून ती घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "उद्या सांगणार आहात ना?"

"हो."

"मी शेजारी बसेन. पण उभं तुमचं तुम्ही राहायचं."

उभे राहिले. रविवारी, भर उपासनेत, समोरच्या बाकाची कड धरून. बोलणं काही फार झालं नाही. "माझा बाप्तिस्मा झालेला नाही. तुम्हा सगळ्यांना झाला असं वाटलं आणि मी वाटू दिलं. मला माफ करा." एवढंच. आणि मग पहिल्या रांगेतून पोस्टमास्तर ताडकन उठले.

"काहीतरीच काय बोलतोस? मी हजर होतो!"

"मास्तर, नाही झाला हो."

"अरे, या डोळ्यांनी पाहिलाय तुला! भिजला होतास!"

"भिजलो होतो, मास्तर. पण तो बाप्तिस्मा नव्हता. गळती होती!"

आधी मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. आणि मग अख्खं चर्च असं खदखदून हसायला लागलं की पेटी वाजवणाऱ्या बाईंनी डोकं पेटीवरच टेकलं. मास्तर एकटे उभे होते, "पण माझे बूट...!" असं पुटपुटत. नळकाकांना आधी वाटलं, आपली फजिती झाली. मग बघतात तर हसता हसता लोकांचे डोळे ओले होते, आणि कोणीच तोंड फिरवलं नव्हतं. एकटी बायको तेवढी समोर बघत होती. ती हसली नाही.

पाळक तरुण होते, या मंडळीत त्यांचं तिसरंच वर्ष. हसू आवरत ते खाली आले आणि नळकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, दुःखाची बातमी आधी सांगतो. पंच होता येणार नाही. नुकता बाप्तिस्मा घेतलेल्या नवख्या माणसाला निदान दोन वर्षं पंच करायचं नाही, असा आपला नियम आहे."

'नवख्या माणसाला' म्हटल्यावर पुन्हा हशा पिकला.

"आणि वर्गाला बसावं लागेल. सहा शनिवार. त्यानंतर वर्गाच्या बाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून तुमच्याबद्दल साक्ष द्यायची, की या माणसाचा विश्वास खरा आहे. ती मिळाली तरच हौद. हा नियम काही मी मोडू शकत नाही." पाळकांनी बाईंकडे हळूच पाहिलं. "वर्ग कोण घेतं ते तुम्हाला माहीतच आहे."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

पहिल्या शनिवारी नळकाका चार वाजता वर्गात जाऊन बसले. सोबत सोळा-सतरा वर्षांची पाच पोरं. खुर्च्या लहान, गुडघे हनुवटीला टेकत होते. बाईंनी हजेरी घेतली, त्यांचीही घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: बाप्तिस्मा का हवाय? पोरं आपापल्या परीने बोलली. नळकाकांची पाळी आली.

"राहून गेला म्हणून," ते म्हणाले.

"राहून गेलेलं काम उरकायला प्लंबर बोलावतात," बाई म्हणाल्या. "उत्तर चुकलं. पुढच्या शनिवारी पुन्हा."

पुढच्या शनिवारी ते म्हणाले, "सगळ्यांचा झालाय म्हणून." तेही चुकलं. घरी जाताना दोघं एकाच रस्त्याने, चार हात अंतर ठेवून चालत गेले. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी राहायची आणि हसून हसून तिला ठसका लागला होता. "बाबा, म्हणजे माझा बाप्तिस्मा तुमच्या आधी झाला? म्हणजे मंडळीत मी तुमच्यापेक्षा मोठी?" नळकाका म्हणाले, "हो, ताई." आतल्या खोलीतून बायकोचा हसल्यासारखा आवाज आला. नक्की हसलीच का, ते विचारायची काही त्यांची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या शनिवारी मोठ्याने प्रार्थना करायची होती, एकेकाने, सगळ्यांदेखत. नळकाकांना दरदरून घाम फुटला. घरी, दारी, चर्चमध्ये, आजवर त्यांनी चारचौघांत कधी तोंड उघडून प्रार्थना केली नव्हती. पाळी जवळ आली तसे ते खुर्चीतून उठले. "मी जरा मोटर बघून येतो."

"मोटर बंद आहे," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "बसा."

बसले. आणि त्या लहान खुर्चीत बसल्या बसल्या नळकाकांच्या लक्षात आलं, की हे आपण आजच केलेलं नाही. देवासमोर उभं राहायची पाळी आली की दर वेळी आपल्याला कुठला ना कुठला नळ आठवतो. एकतीस वर्षं आपण या घरात कामगार म्हणून येत राहिलो. कामगाराला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू कसा आहेस. आणि तेच बरं वाटत होतं.

"काका, एकच ओळ बोला," शेजारची दातांना तार लावलेली मुलगी कुजबुजली. "मी पण एकच बोलले."

नळकाकांनी डोळे मिटले. "देवा," ते म्हणाले, "मला बोलता येत नाही." आणि थांबले.

"आमेन," बाई म्हणाल्या. "झाली की प्रार्थना. पुढचा."

त्या दिवसापासून काय झालं कोण जाणे, नळकाका शनिवारची वाट बघायला लागले. दुपारी तीनलाच काम आटोपून, साबणाने हात घासून, केसांना तेल लावून तयार. पोरांशी त्यांची गट्टी जमली. त्यांना पडलेले प्रश्न पोरांनाही पडत होते, फक्त पोरं ते बिनधास्त विचारायची. आपण पन्नाशी ओलांडून साध्या साध्या गोष्टी विचारतोय याची त्यांना लाज वाटायची थांबली. चौथ्या शनिवारपासून परतीच्या वाटेवरचं अंतर चार हातांवरून दोन हातांवर आलं. पण साक्षीचं नाव बायको काढत नव्हती, आणि हे विचारत नव्हते. वशिला लावल्यासारखं झालं असतं.

सहाव्या शनिवारी पहिल्या दिवशीच्याच प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं होतं. नळकाकांनी पाना धरल्यासारखं पेन धरून लिहिलं: 'मला वाटायचं देवाला माझं काम लागतं, म्हणून तो मला ठेवून घेतो. काम थांबलं तर काढून टाकेल अशी भीती होती. सहा आठवडे मी इथे काहीही दुरुस्त न करता बसलो. कोणी काढलं नाही. मला त्याचा व्हायचंय, नुसता त्याच्या कामाचा नाही.' बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यावर बरोबरची खूण केली नाही, चुकीची केली नाही, घडी घालून पिशवीत ठेवला.

रविवार उजाडला. हौदाच्या व्हॉल्व्हपाशी या वेळी मास्तर होते. 'आता नोंद मी स्वतः खात्री करून घेणार' असं जाहीर करून त्यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. चर्च खचाखच भरलेलं. पांढरे झगे घालून पाच पोरं आणि त्यांच्यामागे नळकाका, झगा पोटावर जरा ताणलेला. बाई पुढे उभ्या राहिल्या. एकेका पोराबद्दल दोन-दोन वाक्यं बोलल्या, शेवटी 'मी साक्ष देते' म्हणाल्या, आणि एकेक पोर पाण्यात उतरून हसत वर आलं. मग नळकाका पायरीपाशी आले. बाई गप्प राहिल्या.

इतका वेळ गप्प राहिल्या की पाळकांनी हौदातून मान वर करून पाहिलं. नळकाकांनी डोळे जमिनीवर लावले. नाही दिली साक्ष तर नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या वर्गाला बसू. आणि खरंच, तसं म्हणताना त्यांना पूर्वीसारखी भीती वाटली नाही.

"यांना मी तीस वर्षं ओळखते," बाई बोलायला लागल्या. "म्हणजे असं मला वाटत होतं. खरी ओळख होऊन सात आठवडे झाले. हे माझ्याशी लपवाछपवी करत राहिले, तुमच्याशी केली, माझ्या बाबांशी केली. मला राग आला. अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू?" त्यांनी व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे बोट केलं. "पण त्या बुधवारी मास्तरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. एक तारीख सांगायची होती. जगात कोणी यांना पकडणार नव्हतं. तरी यांनी ती सांगितली नाही, आणि घरी येऊन माझ्यासमोर बसले. हे काही मी वर्गात शिकवलेलं नाही. वर्गाच्या आधीच यांच्यात देवाचं काहीतरी चाललेलं होतं, मलाच दिसलं नव्हतं." त्यांनी सरळ नवऱ्याकडे पाहिलं. "मी साक्ष देते. अगदी आनंदाने देते."

नळकाका लहान पोरासारखे रडायला लागले. रडतच पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि दुसऱ्याच क्षणी अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असे ओरडले, "आई गं! बर्फ आहे हे पाणी!"

"एकतीस वर्षं सांगतोय, काका!" चारही बाजूंनी एकदम आवाज आला. आजवर दर वेळी ते हौदात हात घालून 'कोमट आहे, उतरा' म्हणायचे. पाण्यात जन्म गेलेल्या त्या हातांना गार-गरम कळायचं कधीच बंद झालं होतं, पण कोणी कितीही सांगितलं तरी त्यांना ते पटेल तर ना! पाळक कमरेइतक्या पाण्यात दात वाजवत, हसत उभे होते. त्यांनी नळकाकांच्या पाठीला हात लावला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांना मागे झुकवलं, आणि पाणी त्यांच्या डोक्यावर मिटलं.

वर आले तेव्हा गीत सुरू झालं होतं. हे गीत त्यांनी पूर्वी कायम फळ्यांखाली वाकून, व्हॉल्व्हला हात घालून ऐकलं होतं. शब्द अर्धे कळायचे, अर्धे पाण्याच्या आवाजात जायचे. आज सगळे शब्द सरळ अंगावर येत होते, समोर एकेकाचा चेहरा दिसत होता. नळकाकांनी श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. मोठ्याने. सूर कुठल्या कुठे.

बायको पायरीवर टॉवेल घेऊन उभी होती. "अहो, हळू," ती कुजबुजली. "सूर गेलाय तुमचा."

"जाऊ दे," नळकाका म्हणाले आणि आणखी आवाज चढवला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला, टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकून खसाखसा केस पुसले. मग टॉवेलच्या आतून येणाऱ्या त्या बेसूर आवाजात आपलाही आवाज मिसळून ती गायला लागली.